ते दुकान कुणाचं होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच: जर्मनीतल्या एखाद्या गावात युद्धाआधी ज्यू लोकांची दुकानं, दवाखाने, घरं नेमकी कुठली होती, हे आज कसं कळतं?

आधी आडनावावरून ठरवायची सवय सोडा. मायर आडनावाचे ज्यू होते, तसे कॅथलिकही होते. ज्यू वाटणाऱ्या आडनावाचा आल्फ्रेड रोझेनबर्ग तर नाझींचा विचारप्रमुख. नुसत्या आडनावांवरून केलेली यादी फाडून टाकावी, इतकी ती घातक असते.

सुरुवात करा ती ‘आड्रेसबुख’पासून, म्हणजे शहराच्या छापील पत्तापुस्तकापासून. त्यात साधारण तीन भाग असतात: नावांची यादी, रस्त्यावार घरं आणि धंद्यावार यादी. रस्त्यांच्या भागात घर क्रमांकापुढे ‘ई’ हे रोमन अक्षर दिसलं, की तो घरमालक. रोमन आकडा म्हणजे मजला. तळमजला सोडून मोजायचा, आपल्यासारखाच. नाव मात्र बहुधा कुटुंबप्रमुखाचंच असतं. बायको दुकान सांभाळत असली तरी ती विधवा होईपर्यंत सहसा पुस्तकात येत नाही. आणि धर्म कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून एका पुस्तकावर भागत नाही. १९३२ ते १९३९ची पुस्तकं शेजारी शेजारी उघडा आणि एकाच घर क्रमांकावर बोट ठेवून पुढे चला. कापडाच्या दुकानाचं नाव १९३८पर्यंत तेच आणि पुढच्या पुस्तकात त्याच जागी नवं, असं दिसलं की थांबा. १२ नोव्हेंबर १९३८च्या हुकुमाने १ जानेवारी १९३९पासून ज्यूंना किरकोळ दुकान चालवायला बंदी झाली होती. डॉक्टरांचे परवाने त्याआधीच, ३० सप्टेंबर १९३८ला रद्द झाले. वकिलांना उरलेसुरले काम सोडावं लागलं ते त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर. मात्र नाव बदलणं हा संशयाचा धागा आहे, पुरावा नव्हे.

पुरावा स्थानिक वर्तमानपत्रात सापडतो, आणि इथे थोडा वेळ द्यायलाच हवा. धार्मिक दुकानदार ज्यू नववर्षाला आणि योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुकान बंद ठेवत आणि ‘सणानिमित्त बंद’ अशी छोटी जाहिरात देत. १९३२मध्ये नववर्ष शनिवारी, १ ऑक्टोबरला आलं आणि योम किप्पूर सोमवारी, १० ऑक्टोबरला. त्या दोन तारखांच्या आधीच्या चार-पाच दिवसांचे अंक चाळा. ही जाहिरात दुकानदाराने स्वतःच्या हाताने दिलेली असते, म्हणून तिचं मोल फार. याउलट १ एप्रिल १९३३च्या, ज्यू दुकानांवरच्या बहिष्काराच्या सुमारास नाझींनी छापलेल्या याद्या वैऱ्याने केलेल्या आहेत. वापरा, पण दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय नको.

घर शोधताना बहुतेक चुका दोन जागी होतात. पहिली, रस्त्याचं नाव. बर्लिनच्या श्पांडाउमधली ‘यूडेनश्ट्रासे’, म्हणजे ज्यूंचा रस्ता, १९३८मध्ये ‘किंकेलश्ट्रासे’ झाली आणि जुनं नाव परत यायला २००२ उजाडलं. जुना नकाशा न पाहता पत्ता लावलात, तर भलत्याच दारात उभे राहाल. घर क्रमांकांचंही तेच. बर्लिनच्या जुन्या रस्त्यांवर आकडे एका बाजूने चढत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. त्यामुळे १२ समोर ११ नसतो.

दुसरी चूक शेवटच्या पत्त्याची. ३० एप्रिल १९३९च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचं संरक्षण काढून घेतलं आणि मग कुटुंबांना ठरावीक घरांत कोंबण्यात आलं. हद्दपारीच्या यादीतला पत्ता पुष्कळदा या कोंडवाड्याचा असतो, घराचा नव्हे. पत्तापुस्तकात मागे जाऊन आधीचा पत्ता काढावाच लागतो. फुटपाथवर बसवलेल्या १० सेंटिमीटरच्या पितळी ‘श्टोल्परश्टाइन’साठी, म्हणजे बळींच्या नावांच्या स्मृतिशिलांसाठी, स्वखुशीने राहिलेलं शेवटचं घर धरतात, ते याच कारणाने.

मालकी पाहायची तर जमीन नोंदवही, ‘ग्रुंडबुख’. तिच्या पहिल्या विभागात मालक आणि हस्तांतराची तारीख मिळते, पण पाहायला रास्त कारण दाखवावं लागतं. शहरातली बहुतेक कुटुंबं भाड्याने राहत, तेव्हा तिथे नाव नसलं म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका. खेड्यातला गुरांचा छोटा व्यापारीही व्यापार नोंदवहीत बहुधा सापडणार नाही. तिथे मोठ्या धंद्यांचीच नोंद होई.

उरते ती दाराची चौकट. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरांना असते तशी मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी, तिथेही आत जाताना उजव्या बाजूला, वरच्या तिसऱ्या भागात लावलेली असे, आणि तिथे ती बहुधा तिरकी असे. रंग खरवडल्यावर कधी तिची तिरकी खाच किंवा दोन खिळ्यांची भोकं दिसतात.

आणि घराच्या आत काय होतं, ते कळतं सर्वांत क्रूर कागदावरून. हद्दपारीआधी बर्लिनच्या ज्यूंकडून १६ पानी मालमत्ता-विवरण भरून घेत. त्यातले पुष्कळसे पोट्सडामच्या अभिलेखागारात आहेत. खोल्या किती, भाडं किती, मग छापील रकाने: कपाटं, खुर्च्या, दिवे, पडदे, पलंगपोस. प्रत्येकापुढे नग लिहायला जागा, आणि शेवटी सही.