‘फॉग’ या शब्दाचे माप

समोरचे थोडे अंधूक दिसू लागले की आपण इंग्रजी बोलण्यात सरसकट ‘फॉग’ हा शब्द वापरतो. हवामानशास्त्रात मात्र त्याला माप आहे. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म जलकणांमुळे दृश्यमानता १,००० मीटरच्या आत आली, तरच तो फॉग. जलकण असूनही त्यापलीकडचे दिसत असेल, तर ते मिस्ट. आणि धूसरपणा पाण्याचा नसून कोरड्या धूलिकणांचा असेल, तर ते हेझ. वैमानिक, जहाजाचा कप्तान आणि पहाटे गाडी हाकणारा माणूस यांचे निर्णय याच अंतरावर ठरत असल्यामुळे हा काटेकोरपणा मला अत्यंत मोलाचा वाटतो.

फॉग, म्हणजेच आपले धुके, हा खरे तर जमिनीला टेकलेला ढगच असतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिच्या लगतची दमट हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, थंड होते आणि बाष्प हवेतील सूक्ष्म कणांभोवती थेंबरूपाने साकळते; मात्र वारा अगदीच पडलेला असेल, तर बरेचसे बाष्प दव होऊन जमिनीवरच उतरते, आणि तो जोराचा असेल, तर वरची कोरडी हवा मिसळून धुके धरतच नाही. मंद झुळूकच त्याला मानवते. समुद्रावरची रीत वेगळी असते: कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटाजवळ उबदार दमट हवा लॅब्राडोर या थंड सागरी प्रवाहावरून वाहत जाते, आणि तेथे भर दिवसाही दाट धुके पसरते.

धुके ‘उचलले गेले’ असे इंग्रजीत म्हणतात, आणि ते निरीक्षण अचूक आहे. धुक्यातून झिरपलेल्या उन्हाने आधी जमीन तापते, त्यामुळे खालचे थेंब प्रथम विरतात आणि उरलेला थर काही काळ खालच्या ढगासारखा वर दिसतो.

‘स्मोक’ (धूर) आणि ‘फॉग’ मिळून झालेल्या ‘स्मॉग’ या जोडशब्दाबाबत मात्र अधिक सावधपणा हवा. लंडनमध्ये १९०५ मध्ये हेन्री द व्हो या डॉक्टरांनी तो कोळशाचा धूर मिसळलेल्या धुक्यासाठी वापरला. डिसेंबर १९५२ मध्ये अशाच धुरक्याने तेथे हजारो माणसे दगावली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. लॉस एंजेलिसचा प्रसिद्ध स्मॉग मुख्यतः वाहनांच्या धुरातील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होतो, आणि त्यासाठी धुक्याची गरजच नसते.