जरा पुढे बघू

दिवाळीची आवराआवर सुरू होती आणि माळ्यावरचे सामान खाली उतरत होते, तेव्हा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जुनी सतरंजी हाती आली. घरात ती कुणी कधी अंथरत नाही. पाहुणे वाढले तर गाद्या आहेत, पूजेला चटया आहेत. ही सतरंजी केवळ डोंगरावर आणि बागेत नेण्यासाठी राखलेली आहे, आणि तिच्या एका कोपऱ्यावर करवंदांचे जे तपकिरी-जांभळट डाग आहेत ते माझ्या लग्नाच्याही आधीचे आहेत. दुपारच्या उन्हात ती कठड्यावर टाकत असताना भाच्याची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आजी, येऊरला आपण चालायला जाणार आहोत ना? मग ही कशाला?’’

प्रश्न रास्त होता. तिच्या घरी चालायला जाणे म्हणजे बूट, टोपी, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आणि नाश्त्याच्या वेळेपर्यंत घरी परत. आमच्या घरी मात्र डोंगरावर जाणे म्हणजे मुख्यतः बसायला जाणे होते. बसण्याजोगी जागा सहजी सापडत नसे, आणि ती सापडेपर्यंत जे काही चालणे होई तेवढेच आमचे चालणे.

आम्ही तेव्हा ठाण्याच्या नौपाड्यात राहत होतो. थंडीच्या दिवसांतल्या एखाद्या रविवारी बाबा सकाळी लवकर उठवत आणि उपवन तलावाच्या पलीकडून येऊरचा चढ सुरू होई. आईच्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी आणि काकड्या असत. फिरकीचा तांब्या धाकट्या काकांकडे आणि सतरंजीची वळकटी माझ्या खांद्यावर. पहिला वळसा संपतो न संपतो तोच आई एखाद्या झाडाकडे बोट दाखवून म्हणे, ‘‘इथे छान आहे, बसू या.’’ बाबा त्या झाडाखाली जाऊन उभे राहत आणि तपासणी सुरू करत.

ही तपासणी पाहण्यासारखी असे. आधी ते मान वर करून फांद्या न्याहाळत, कारण आंब्यावर लाल मुंग्या हिरवी पाने एकमेकांना शिवून घरटी करतात आणि खाली बसलेल्या माणसाच्या मानेवर उतरायला त्यांना वेळ लागत नाही. मग काठीने पाचोळा बाजूला करून जमीन पाहत. डोंगळ्यांची रांग दिसली तर ती कुठून येते आणि कुठे जाते याचा छडा लावत. उंबर दिसायला घनदाट असला तरी त्याची पिकलेली फळे टपाटप अंगावर पडतात म्हणून तो बाद. सागावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ते मला आजही पटते. हिवाळा सरता सरता साग पाने टाकू लागतो आणि त्याच्या सावलीला मोठमोठी भोके पडतात. पळस फुलतो तेव्हा अंगावर पान ठेवत नाही, त्यामुळे तो लांबून बघायचा. मोहाखालची जमीन फुले गळण्याच्या दिवसांत अगदी झाडून काढल्यासारखी स्वच्छ असते, आणि ती खरोखरच झाडलेली असते, कारण पाड्यावरच्या बायका पहाटे तिथे मोहाची फुले वेचतात. तिथे बाबा पाऊलही टाकू देत नसत. ती कुणाच्या तरी कामाची जागा आहे, आपल्या जेवणाची नव्हे, असे ते सांगत.

सर्वांत शेवटी ते सूर्याकडे पाठ करून आपली सावली पाहत आणि मग निकाल देत, ‘‘दोन वाजता ही सावली तिकडे सरकणार.’’

‘‘दोनपर्यंत बसायचंय कुणाला?’’ आई विचारत असे.

‘‘जरा पुढे बघू,’’ बाबा म्हणत, आणि वळकटी पुन्हा माझ्या खांद्यावर येई.

या ‘जरा पुढे’ने आम्हाला येऊर दाखवले. एक ओढा, त्यापलीकडचा चढ, पाड्यावरची कारवीच्या काठ्यांची आणि शेणामातीने लिंपलेली कुडाची घरे, पुन्हा एक ओढा. डोंगर चढायला आलो आहोत असे सांगून कुणी आम्हा मुलांना इतके चालवले असते तर आम्ही खचितच रडलो असतो. बसण्याचे आमिष मात्र आम्हाला चालते ठेवत असे. अखेर सगळ्यांना भुका लागल्या की बाबांचे निकष एकाएकी सैल होत आणि जी जागा मिळे ती बहुधा आईने आधी दाखवलेल्या जागेहून काडीचीही चांगली नसे. हे आईने त्यांना कधी बोलून दाखवल्याचे मला आठवत नाही. ती फक्त डबे जरा जोरात मांडत असे.

उन्हाळ्यात गेलो तर उतरताना पाड्यावरच्या बाया पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेल्या असत. जेवून उठायचे म्हटले तरी आम्ही मुले उठायला तयार नसू, कारण करवंद चावून अर्धे करायचे आणि आत लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाली तर कोंबडी, हा खेळ चालू असे. करवंदाचा चीक ओठांना चिकटतो आणि सतरंजीलाही. आईने तो डाग साबणाने, लिंबाने, नंतर रॉकेलने घासून पाहिला आणि शेवटी सतरंजीची तेवढी बाजू स्वतःच्या बसण्याखाली घेण्याची पद्धत पाडली.

जेवण झाले की बाबा आणखी एक फेरी मारत. काकडीची साले, पुरीचा तुकडा, कागद, सगळे पिशवीत भरून घरी न्यायचे असा दंडक होता. त्यामागे त्यांचे कारण साधे होते: दुसऱ्याला बसायला जागा स्वच्छ मिळाली पाहिजे. त्या दंडकाचे खरे वजन मला पुष्कळ वर्षांनी कळले. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. शंभर चौरस किलोमीटरहून अधिक जंगल, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, कान्हेरीची लेणी, आणि चहूबाजूंनी महानगर. त्या जंगलात बिबटे आहेत. जंगलाच्या कडेला उष्टे-खरकटे साठले की भटकी कुत्री जमतात, आणि कुत्री हे बिबट्याचे सहज मिळणारे भक्ष्य असल्यामुळे तो त्यांच्या मागोमाग वस्तीपर्यंत येतो. फेकलेल्या पुरीपासून बिबट्यापर्यंतचा हा रस्ता इतका सरळ आहे की, येऊरच्या वाटेवर आज पडलेल्या थर्माकोलच्या ताटल्या पाहिल्या म्हणजे मला राग येण्याआधी भीती वाटते.

कर्नाळ्याला प्रवेशद्वारावरच जवळचे प्लास्टिक मोजतात आणि त्यासाठी अनामत रक्कम ठेवून घेतात. सगळे परत आणून दाखवले की ती परत मिळते. ही पद्धत मला फार आवडते. आमच्या मागच्या फेरीत भाच्याच्या कुटुंबाच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि डबे मोजता मोजता रांग खोळंबली, आणि मी आईचा स्टीलचा डबा व फिरकीचा तांब्या घेऊन काहीही न भरता आत गेले. हा आनंद मी पुष्कळ दिवस पुरवून वापरला. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गावरचे हे पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये झाले, आणि वरच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका येता-जाता प्रत्येक कोकणवासीयाने एसटीच्या खिडकीतून पाहिलेला आहे. तरुण मंडळी किल्ल्यावर गेली. सुळक्यावर आग्या मोहोळे असतात, म्हणून वर आरडाओरडा करू नका, धूर करू नका, अत्तरे लावून जाऊ नका, असे बजावून मी खाली राहिले, कारण सतरंजीपाशी कुणीतरी थांबावेच लागते. माकडांना पिशवीच्या बंदाचा उलगडा आपल्या आधी होतो.

शहरातल्या बागांविषयी माझे मत तितकेसे चांगले नाही आणि ते पूर्वग्रहदूषित आहे हे मला मान्य आहे. ठाण्यात कोलशेतला मोठे सेंट्रल पार्क झाले आहे. झाडी आहे, पाणी आहे, मुलांना खेळायला मुबलक जागा आहे, आणि ज्यांना येऊरचा चढ झेपत नाही त्यांच्यासाठी ते वरदानच आहे. माझी तक्रार बाकांबद्दल आहे. बाक म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी आधीच ठरवून, सिमेंटमध्ये पक्की केलेली जागा. त्यावर अख्खे कुटुंब एकाच दिशेला तोंड करून एसटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांसारखे बसते. डबा मध्ये ठेवायचा म्हटले तर मध्य नावाची गोष्टच नसते. टोकाच्या माणसाला चटणी हवी असेल तर ती चार मांड्यांवरून प्रवास करत जाते. सतरंजीवर माणसे गोल बसतात, प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसते, भांडणही नीट करता येते. हिरवळीवर अंथरावे तर बागेचा रखवालदार शिट्टी वाजवतो. त्याचेही बरोबर आहे. शेकडो कुटुंबांनी सतरंज्या पसरल्या तर हिरवळ राहायची नाही.

पावसाळ्यात हा सगळा विषयच मिटतो. जमीन ओली, सतरंजी माळ्यावर, आणि धबधब्यांवर मनाईचे आदेश. खारघरच्या पांडवकड्यावर तर दरवर्षी बंदी असते आणि ती असलीच पाहिजे. पावसाळ्यात छत्रीखाली उभ्याने कणीस खावे आणि घरी यावे.

नेरुळला राहणारी माझी धाकटी बहीण या सतरंजी-पंथातून कधीच बाहेर पडली. ती रोज सकाळी ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तलावाभोवती फेऱ्या मारते आणि बसत नाही. तिच्यामुळेच मला कळले की ते पाणी नुसते शोभेचे नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे सिडकोने असे होल्डिंग पाँड राखले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद होतात, तोवर पावसाचे पाणी या तलावांत थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत जाते. शहर बुडू नये म्हणून ठेवलेल्या पाण्याकाठी माणसे वजन कमी करतात, हे मला फार आवडले. एकाच वडिलांच्या आम्ही दोघी. तिने त्यांचे चालणे उचलले आणि मी त्यांची तपासणी.

भाच्याच्या मुलीला एवढे सगळे सांगितले नाही. ‘‘चालून दमलो की बसायला,’’ असे म्हणाले आणि तिला ते पटले. येऊरला मात्र जाणे झाले नाही, मानपाड्याच्या निसर्ग परिचय केंद्रात गेलो, कारण लहान मुलांना तिथली पायवाट सोपी पडते. तिथून जवळच, टिकुजिनीवाडीपाशी, बोरिवलीकडे जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचे ठाण्याकडचे तोंड आहे. त्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. जवळजवळ बारा किलोमीटरचा हा मार्ग राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार आहे आणि घोडबंदरचा वळसा वाचणार आहे. मुलीने विचारले, ‘‘आपण वर बसलेले असताना खालून गाड्या जातील?’’ मी हो म्हणाले. तिने सतरंजीचा कोपरा उचलून खालची माती बराच वेळ पाहिली आणि त्या मातीवर डोंगळ्यांची एक रांग होती. मी काही बोलण्याच्या आतच ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून तिने आजूबाजूची झाडे पाहिली आणि म्हणाली की जरा पुढे बघू. भाच्याने सुस्कारा सोडला. नुकत्याच उघडलेल्या डब्यांची झाकणे आम्ही पुन्हा लावली.

आता हिवाळ्यात कुठे जायचे याची चर्चा चालू आहे. भाचा खारघरच्या डोंगरावर चला म्हणतो, पण वरच्या मोकळ्या पठारावर मनासारखी सावली मिळायची नाही. बहिणीचे म्हणणे असे की दरवेळी झाडाखाली बसण्यापेक्षा यंदा ऐरोलीहून बोटीने खाडीत जाऊन रोहित पक्षी पाहू. ठाणे खाडीचे ते रोहित पक्षी अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, आणि इतक्या जवळ राहून मी ते अजून पाहिलेले नाही, हे तिचे टोमणे खरेच आहेत. मी यायला तयार आहे. बोटीत डबा उघडू देतात की नाही, एवढे तिला आधी विचारून ठेवायला सांगितले आहे.