‘असल्यास’ या शब्दापाशी अडलेलं प्रकरण

आदेशातला प्रश्न असा होता: “सदर सदनिकेत संरचनात्मक दोष आहे काय, असल्यास त्याचे स्वरूप व दुरुस्तीचा अंदाजे खर्च नमूद करावा.” ग्राहक आयोग कोर्ट कमिशनर म्हणून इंजिनिअरची नेमणूक करतो तेव्हा थोड्याफार फरकाने हाच मजकूर येतो. मी पहिल्या भागाला ‘नाही’ असं उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, आजही तेच देईन. तरी हे प्रकरण मनातून जात नाही.

पुण्याच्या पश्चिमेकडची सात मजली इमारत, पाचव्या मजल्यावर टू बीएचके, ताबा घेऊन तीन वर्षं झालेली. तक्रार दोन गोष्टींची: जवळपास प्रत्येक भिंतीला तडे, आणि पावसाळ्यात हॉलची पश्चिमेची भिंत ओली. दोन्ही बाजूंनी आपापल्या तज्ज्ञांचे अहवाल दाखल होते. तक्रारदाराच्या तज्ज्ञाने रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजायचं यंत्र) लावून कॉलमचं काँक्रीट एम १५, म्हणजे दर चौरस मिमीला १५ न्यूटन ताकदीचं, ठरवलं होतं. आराखड्यात एम २५ होतं. जाबदेणार बिल्डरच्या तज्ज्ञाने “केसाएवढे नैसर्गिक तडे, गिलाव्याचे आकुंचन” असं लिहिलं होतं, आणि ओल वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची.

फोटोंवरून पहिला अहवाल कसा झाला ते कळत होतं: हॅमर गिलाव्यावरून मारलेला. हॅमरचा आकडा म्हणजे पृष्ठभागाचा कडकपणा. गिलावा आतून पोकळ असेल तर आकडा पडतो. उलट जुन्या काँक्रीटची वरची कातडी कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, कडक झालेली असेल तर तो फुगतो. गिलावा काढायचा, काँक्रीट कार्बोरंडम दगडाने घासून सपाट करायचं, कडेपासून अंतर ठेवायचं, हे सगळं पाळूनही नुसत्या हॅमरवरून काढलेली ताकद २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, हे प्रमाणग्रंथातच लिहिलेलं आहे. अशा आकड्यावर कुणाचं घर धोकादायक ठरवणं मला मान्य नाही. दुसरा अहवालही तितकाच कच्चा. तड्यांचे फोटो सहा फुटांवरून घेतलेले, शेजारी पट्टी नाही, रुंदीचा एकही आकडा नाही, आणि निम्म्याहून जास्त पानं आयएस कोडच्या, म्हणजे बांधकामाच्या भारतीय मानकांच्या, झेरॉक्सची. पक्षकार पैसे देतो म्हणून तज्ज्ञाने त्याला हवं ते लिहायचं, ही सवय आमच्या व्यवसायाला लागली आहे, आणि तिची किंमत शेवटी घरात राहणारा मोजतो.

जागापाहणीची नोटीस दोन्ही वकिलांना आठ दिवस आधी गेली. एका बाजूशी एकट्याने बोलायचं नाही, फोनही घ्यायचा नाही, आणि कुणाच्या घरी चहासुद्धा नाही. फी आयोगात भरली जाते, तिथूनच येते. आल्याआल्या हजेरीच्या सह्या घ्यायच्या, आणि मगच पट्टी बाहेर काढायची.

प्रश्न संरचनेचा होता, म्हणून आधी कॉलम. कव्हर मीटरने सळ्यांच्या जागा खडूने आखल्या. कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, ४१ ते ४६ मिमी भरलं. कॉलमला किमान ४० लागतं. गिलावा काढल्यावर हॅमर मारला, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची चाचणी) घेतलं, पण निर्णय त्यावर ठेवायचा नव्हता. कोअर, म्हणजे चाचणीसाठी काँक्रीटचा गोल तुकडा, काढायला बिल्डरची हरकत होती, त्यामुळे आयोगाकडून आधीच वेगळी परवानगी घेतली होती. घरातले दोन कॉलम आणि लॉबीतला एक, असे ७५ मिमी व्यासाचे तीन कोअर सळ्या चुकवून काढले. तीनपेक्षा कमी कोअर आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडला चालत नाहीत. तिथेच कागदात गुंडाळून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन लाख लावली, आणि भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या मालाने) त्याच दिवशी भरून घेतली. भोकं तशीच उघडी सोडून जाणारे लोक मी पाहिले आहेत.

प्रयोगशाळेचे आकडे, उंची-व्यासाची दुरुस्ती करून आणि घनाच्या ताकदीत बदलून, असे आले: २४.१, २२.६ आणि २०.३. सरासरी २२.३. एम २५ साठी सरासरी निदान ८५ टक्के, म्हणजे २१.२५, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १८.७५ च्या खाली नको. काँक्रीट पास. बीममध्ये भेगा नाहीत, स्लॅबला झोल नाही.

मग भिंती. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे लोक ज्याला सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या. तडे कुठे आहेत यावरून निम्मं निदान होतं. इथे ते कॉलम आणि भिंतीच्या जोडावर उभे, सरळ रेषेत, आणि बीमच्या खाली आडवे होते. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपे गेलेले चार. रुंदी ०.८ ते १.६ मिमी. केस इतका जाड नसतो.

हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर, कॉलमलगत, वीतभर रुंद पट्टा मी दोन्ही इंजिनिअरांसमोर छिन्नीने उघडला. गिलाव्यात जाळी नव्हती. ब्लॉक आणि कॉलम यांच्यातला सांधा फक्त बाहेरच्या बोटभर जाडीत मालाने बंद केलेला, आत पोकळ. माल धरावा म्हणून कॉलमला टाचे (छिन्नीचे खाचे) मारलेले नव्हते. शटरिंगचं तेल लागलेला गुळगुळीत पृष्ठभाग तसाच होता, आणि त्यावरून माल पापुद्र्यासारखा सुटून आला. वर बीमखाली सांध्यात विटांचे तुकडे कोंबलेले. बोट घातलं तर कोरडी वाळू खाली पडत होती. बेडरूमच्या आतल्या भिंतीला असाच पट्टा दोन्ही अंगांनी उघडला, आणि पलीकडून टॉर्च धरल्यावर सांध्यातून उजेडाची रेघ दिसली. बिल्डरचे इंजिनिअर ती बघून काही बोलले नाहीत.

कारण अवघड नाही. एएसी ब्लॉक वाळताना आकसतो. पहिल्या प्रतीच्या ब्लॉकला कोड ०.०५ टक्क्यांपर्यंत आकुंचन चालवून घेतो. चार मीटर भिंतीत ते २ मिमी होतं, म्हणजे इथल्या तड्याच्या मापाचंच. ब्लॉक नुसते ओलसर करायचे असतात. साइटवर ते हौदात भिजत ठेवतात, मग आकुंचन आणखी वाढतं. वरचा स्लॅब भार घेऊन थोडा वाकतो, म्हणून बीमखाली १०–१२ मिमी फट ठेवून ती शेवटी, जमेल तितकी उशिरा भरायची असते. इथे भिंत एका दमात बीमपर्यंत चढवून वर कोंबकाम केलेलं. जोडावर दोन्हीकडे १५० मिमी येईल अशी जाळी, कॉलमला टाचे, दर काही थरांना कॉलमशी बांधणारी सळी: तिन्ही गोष्टी गायब. या कामांचा खर्च फ्लॅटच्या किमतीत दिसतही नाही. ती राहतात कारण ब्लॉकचं काम मजूर कंत्राटदाराला चौरस फुटावर दिलेलं असतं, आणि गिलावा झाल्यावर काहीच दिसत नाही.

ओलीसाठी दुसरी भेट. वरच्या शेजारणीच्या लेखी संमतीने त्यांच्या बाथरूमची पाणी जायची जाळी बंद करून रंगीत पाणी ४८ तास भरून ठेवलं. खाली एक थेंब नाही. मग बाहेरच्या भिंतीवर पाण्याचा फवारा, आणि तो नेहमी खालून वर. आधी वरून मारलं तर पाणी ओघळून सगळीकडे शिरतं आणि वाट कळत नाही. खिडकीच्या खाली वीस मिनिटं, आत कोरडं. खिडकीच्या कडेला वीस मिनिटं, कोरडं. कॉलमच्या जोडावर मारल्यावर चाळीसाव्या मिनिटाला आतल्या बाजूला मॉइश्चर मीटर चढायला लागला, आणि थोड्या वेळाने रंगावर बोटभर डाग उमटला. तडा आणि ओल यांचं मूळ एकच.

हे सगळं अहवालाच्या निरीक्षणांत आहे, फोटोंसह. पण निष्कर्षात आदेशातला प्रश्न उतरवला आणि लिहिलं: “संरचनात्मक दोष आढळला नाही.” दोष नाही, म्हणजे ‘असल्यास’ लागू नाही, म्हणजे खर्च लिहायचा प्रश्न उरत नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, हे स्वतंत्र तज्ज्ञाचं पहिलं पथ्य, आणि ते मी पाळलं.

बिल्डरच्या लेखी युक्तिवादात माझं ते एकच वाक्य आलं, ठळक अक्षरात.

बाहेरच्या लोकांना वाटतं तज्ज्ञाला पिंजऱ्यात उभं करतात. ग्राहक आयोगात प्रकरण शपथपत्रं आणि कागदपत्रांवर चालतं. उलटतपासही बहुधा लेखी प्रश्नावलीने होतो. तक्रारदाराच्या वकिलांनी चौदा प्रश्न पाठवले. अकरा माझ्या पदवीबद्दल आणि प्रयोगशाळेच्या मान्यतेबद्दल, कारण त्यांना एम १५ अजून वाचवायचं होतं. भिंतीबद्दल एकही नाही. उजेडाच्या रेघेचा फोटो त्यांच्याच फाइलमध्ये होता, कुणी पान उलटलं नसावं. बिल्डरकडून एकच प्रश्न: “प्रश्न क्रमांक १ चे उत्तर आपण नकारार्थी दिले आहे, हे खरे काय?” मी “होय” लिहून पुढे जोडलं की भिंतींच्या कारागिरीत गंभीर दोष आहेत, ते परिच्छेद ११ ते १६ मध्ये नोंदवलेत. त्यावर “विचारलेल्या प्रश्नाबाहेरचे उत्तर” अशी हरकत दाखल झाली.

मुळात चूक तक्रारीच्या शब्दांत आहे. ‘स्ट्रक्चरल’ म्हटल्याशिवाय कुणी गंभीरपणे घेणार नाही, असं फ्लॅटधारकांना वाटतं, वकीलही तेच लिहितात, आणि आदेशात तोच शब्द उतरतो. कायद्याला त्याची गरज नाही. रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवरच्या नियमन कायद्याच्या, कलम १४(३) मध्ये संरचनात्मक दोषाबरोबर कारागिरी, दर्जा आणि सेवा यांतले दोषही आहेत. ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिले तर बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचे. ग्राहक कायद्यात तर ‘सेवेतील त्रुटी’ एवढं पुरतं. बीम शाबूत असलेल्या घरातही पाऊस आत येतो.

आता नेमणुकीचा आदेश हाती आला की साइटवर जाण्याआधी मी दोन्ही बाजूंना प्रत देऊन आयोगाला पत्र देतो: प्रश्नात ‘संरचना, कारागिरी, साहित्य किंवा सेवा यांपैकी कोणताही दोष’ असे शब्द घ्यावेत, आणि खर्च ‘असल्यास’वर न टांगता प्रत्येक दोषासमोर मागवावा. बहुतेक वेळा कुणी हरकत घेत नाही. त्या वेळी हे पत्र मी दिलं नव्हतं, आणि पाहणी झाल्यावर प्रश्न बदलून मागणं म्हणजे एका बाजूला झुकणं झालं असतं. पण पत्र आधी देण्याला मला कुणाची आडकाठी नव्हती.

प्रकरण निकालासाठी राखून ठेवलेलं आहे. त्या दिवशी सवयीने मी सगळे जोड टेपने मोजून घेतले होते: ६४ रनिंग मीटर. सांधा खरवडायचा, पॉलिमर मालाने भरायचा, ३०० मिमी जाळी, गिलावा, बाहेरून सीलंट, रंग. एकेका कामाचं माप फील्डबुकाच्या दोन पानांवर लिहिलेलं आहे. अहवालात ती पानं नाहीत.