आठवडी बाजाराची जागा आणि एक लाल पेन

आर्किटेक्चरच्या प्रत्येक स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात, साइट ॲनालिसिसची (जागेच्या अभ्यासाची) एक शीट असतेच. सूर्याचा पिवळा कंस, वाऱ्याचे निळे बाण, झाडांचे हिरवे गोल, रस्त्यावरच्या आवाजाच्या लाटा. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडायच्या दिवशी ती भिंतीवर सगळ्यांत आधी लागते आणि शेजारी लावलेल्या प्लॅनशी तिचं काहीही देणंघेणं नसतं. चौथ्या वर्षी आमच्या सरांनी यावर जालीम उपाय काढला. शीटवरच्या प्रत्येक नोंदीपुढे ते लाल पेनाने दोनच शब्द लिहायचे, ‘मग काय?’ वारा पश्चिमेचा आहे. मग काय? माती काळी आहे. मग काय? उत्तर देता आलं नाही तर ती नोंद पुसायची. माझ्या पहिल्या शीटवरचं निम्मं त्यात गेलं, आणि जे उरलं त्यावरच पुढचं सगळं डिझाइन उभं राहिलं.

विषय होता वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाचा आठवडी बाजार. ग्रामपंचायतीची दीड एकर जागा, दोन बाजूंनी वावरं, पूर्वेला डांबरी रस्ता, पश्चिमेला नाला. मध्ये दोन मोठे कडुनिंब. ओटे, छप्पर, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि विक्रेत्यांचा माल ठेवायला एक खोली, एवढंच मागणं होतं.

पटवाऱ्याकडून गटाचा नकाशा मिळाला. त्यात हद्द कळते, चढउतार कळत नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांनी उपग्रहाच्या डेटावरून कॉन्टूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढले होते. फुकट मिळणाऱ्या त्या डेटात साधारण ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची असते, आणि तीही काही मीटरने इकडेतिकडे. सह्याद्रीच्या उतारावर ते चालून जाईल, विदर्भाच्या सपाट जमिनीवर नाही. कॉलेजचं ऑटो लेव्हल, म्हणजे उंचसखलपणा मोजायचं यंत्र, दुसऱ्या ग्रुपकडे अडकलेलं होतं. शेवटी गावातल्याच एका मिस्त्रींनी त्यांची लेव्हलची नळी दिली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक पक्क्या खुणेवर धरायचं आणि दुसरं फिरवायचं. मी आणि माझी मैत्रीण दहा-दहा मीटरवर चुन्याच्या खुणा करत फिरत होतो. शेजारच्या वावरातून एक काकाजी बराच वेळ बघत होते. शेवटी धुऱ्यावर आले.

“काय मोजून राह्यल्या व पोरीहो?”

“उतार, काकाजी. पाणी कुठून कुठे जातं ते.”

“मंग मले विचारा नं. पाणी रोडाकडून येते अन् त्या कोपऱ्यात थांबते. दोन-दोन दिवस हटत नाही.”

त्यांनी दाखवलेला वायव्येचा कोपरा आणि नळीने निघालेला सगळ्यांत खोल बिंदू यांत फार तर चार पावलांचा फरक होता. तरी मोजणी वाया गेली असं नाही. उतार किती आहे हे काकाजींना सांगता आलं नसतं: रस्त्यापासून नाल्यापर्यंत ९० मीटरमध्ये १.२ मीटर. चालताना पायाला कळत नाही इतका, पण पाण्याला दिशा द्यायला पुरेसा.

काळ्या मातीपुढच्या ‘मग काय?’ने मात्र मला सगळ्यांत जास्त दमवलं. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, हे विदर्भात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मेमध्ये वावरात पडलेल्या भेगांत हात जातो. कारण तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजात आहे. त्याच्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि पापुद्रे दूर सरकतात. पण किती फुगते हे कळल्याशिवाय पायाचा निर्णय कसा घेणार? त्यासाठी एक साधी चाचणी आहे, फ्री स्वेल इंडेक्स. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या नळकांड्यांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीचं आकारमान वाचायचं. आमची माती रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर भरली, पाण्यात २१. म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास फुगवटा. होस्टेलच्या खोलीत दिवसभर रॉकेलचा वास होता, त्यावरून रूममेटशी झालेलं भांडण वेगळंच.

या आकड्याने बऱ्याच गोष्टी सरळ बाद केल्या. लांबलचक सलग दगडी ओटा बाद, कारण एका टोकाला ओल आणि दुसरं टोक कोरडं असलं की तो मध्ये तडकणार. गावातल्या शाळेच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा हेच सांगत होत्या. चाचणीखड्ड्यात साधारण दीड मीटरवर मुरूम लागला, म्हणून छपराच्या खांबांचे पाये सुटे आणि थेट मुरमापर्यंत. ओटे तुकड्यातुकड्यांचे, काळी माती काढून खाली मुरमाचे ठोकलेले थर, वर सांधे सोडून बसवलेली फरशी, म्हणजे हललं तरी उचलून पुन्हा बसवता येईल. आणि शोषखड्डा बाद. आमच्या वर्गात पाणी म्हटलं की प्रत्येक प्लॅनवर एक शोषखड्डा उमटतो. भिजलेली काळी माती पाणी मुरूच देत नाही, खड्डा पहिल्या झडीतच भरून बसतो. पाणी उघड्या नालीने नाल्यापर्यंत नेणं हाच मार्ग उरला.

बाजार नसलेल्या दिवशी जागेवर फक्त बकऱ्या दिसतात. बाजाराच्या दिवशी गेले तेव्हा दुपारी एकपर्यंतही फारसं काही नव्हतं. खरी गर्दी चारनंतर. त्या दिवशी मजुरीचा चुकारा होतो, बाया वावरातून घरी येतात, हातपाय धुतात आणि मग पिशवी घेऊन निघतात. तोवर विक्रेते आपापल्या जागा धरून बसलेले असतात. या जागा कुणी आखून दिलेल्या नाहीत, तरी पक्क्या आहेत. कपडे आणि चपलावाले रस्त्याच्या कडेला, कारण त्यांचे छोटे हत्ती (मालाचे छोटे टेम्पो) तिथेच उभे राहतात. तिखट-मसाला आणि गूळ मधल्या ओळीत. भाजीवाल्या निंबाखाली, आणि सावली सरकेल तशी त्यांची ताडपत्रीही सरकते. मासळी आणि सुकट सगळ्यांत खाली, नाल्याच्या बाजूला. मला वाटलं होतं वासामुळे. एका मावशींनी दुरुस्त केलं, “धुतलेलं पाणी खाली जाते नं बाई, कोणाच्या मालात जात नाही.” म्हणजे जो उतार आम्ही नळी घेऊन शोधत होतो, त्यावर बाजार आधीपासूनच मांडलेला होता.

मी एका ट्रेसिंगवर दर तासाला कोण कुठे बसलंय ते मांडलं, दुसऱ्यावर सावल्या. दोन्ही एकमेकांवर ठेवले आणि सरांनी पहिल्यांदाच लाल पेन खिशात ठेवलं.

तिसरा थर कुणी मागितला नव्हता, तो मी केला. सकाळपासून बसलेल्या बायका दिवसभर कुठे जातात? उत्तर असं होतं की बऱ्याच जणी पाणीच पीत नाहीत. स्वच्छतागृह मी मागच्या कोपऱ्यातून काढून भाजीच्या ओळीच्या टोकाला, दिव्याखाली आणलं. मागे असतं तर अंधार पडल्यावर कुणी गेलं नसतं.

आता ऊन. वर्ध्याच्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि जुलैच्या मध्यापर्यंत तर किंचित उत्तरेलाच असतो. त्यामुळे पुस्तकातला ‘दक्षिणेला छज्जा द्या’ हा सल्ला इथे मेमध्ये फारसा उपयोगाचा नाही. आणि बाजार तर दुपारी बारा वाजता भरतच नाही. माझा शत्रू संध्याकाळचा सूर्य होता. मेमध्ये पाच वाजता तो जेमतेम २३ अंशांवर, जवळजवळ थेट पश्चिमेला असतो. तीन मीटर उंच छपराखाली तेव्हा ऊन सात मीटर आत येतं. म्हणजे गावोगावी बांधलेली ती उंच, देखणी बाजारशेड नेमक्या बाजाराच्या वेळी सावली देत नाही! लोक शेड सोडून तिच्या मागच्या बाजूला का बसतात हे कोडं मला तिथे सुटलं.

इथे दोन नोंदी एकमेकींच्या अंगावर आल्या. उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे पाण्याचं ऐकलं तर ओट्यांच्या ओळी दक्षिणोत्तर जायला हव्यात. पण मग त्यांची लांब बाजू थेट पश्चिमेच्या उन्हाला तोंड देते. उन्हाचं ऐकून ओळी पूर्व-पश्चिम फिरवल्या तर गल्ल्या उताराच्या दिशेने येतात आणि पावसाळ्यात प्रत्येक गल्लीचा ओढा होतो. मी पाण्याचं ऐकलं. ऊन छपराने अडवता येतं, पण एकदा ओटा चुकीच्या दिशेने बांधला की पाण्याला वळवणं कठीण.

उत्तर सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात मिळालं, प्लॅनमध्ये नाही. एकाच उताराचं छप्पर, पश्चिमेची कड ओट्यापासून २.१ मीटरवर खाली ओढलेली, पूर्वेची ३.६ मीटरवर. ओटा पाच मीटर रुंद, गल्ली चार मीटर. खालच्या ओळीच्या छपराची सावली पाच वाजता गल्ली ओलांडून वरच्या ओळीत चार मीटर शिरते, म्हणजे प्रत्येक ओळ मागच्या ओळीला सावली देते. चार वाजता मात्र कडेचा दोनेक मीटरचा पट्टा उन्हात राहतो. तिथे खालीवर करता येतील असे बांबूचे टट्टे. शेवटच्या ओळीपुढे कुणीच नाही, म्हणून नाल्याकडेला निंबाची रांग, ओट्यांपासून बरीच दूर, कारण झाडाची मुळं काळ्या मातीतली ओल ओढून पाया हलवतात.

खाली ओढलेल्या कडेचा धीर मला सेवाग्रामने दिला. स्टुडिओची सगळी फौज एकदा तिथे गेली होती. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटीच्या पडवीत शिरताना छप्पर इतकं खाली येतं की उंच माणूस आपोआप मान झुकवतो, आणि आत बाहेरच्या उन्हाचा मागमूस नसतो. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू म्हणजे कौलं. आल्याआल्या मीही कवेलूचं छप्पर रेखाटून टाकलं आणि त्यावर फार खूश होते.

मिस्त्रींनी रेखाटन पाहिलं आणि हसले. “वांदरं टिकू देत नाही कवेलू. सारं गाव टिनावर आलं ते काय हौसेनं?” गावात फिरून पाहिलं, खरंच होतं. वानरांच्या टोळ्या छपरावरून उड्या मारतात, दर वर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावं लागतं, आणि फेरणारी माणसं आता मिळत नाहीत. मग टीनच घेतलं, पण त्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या टट्ट्यांचं छत, म्हणजे तापलेल्या पत्र्याची धग थेट डोक्यावर येणार नाही. बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला, नाहीतर भुंगा दोन वर्षांत त्याचं पीठ करतो.

ज्युरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माझ्या आधीच्या तिघांच्या छपरांचा आकार कपाशीच्या बोंडासारखा होता. विदर्भ म्हटलं की कापूस आणि कापूस म्हटलं की बोंड, हा आमच्या कॉलेजातला ठरलेला कन्सेप्ट आहे. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी मला विचारलं, “तुझा कन्सेप्ट काय?” मी सेक्शन दाखवला. त्यांनी मॉडेलकडे पाहून म्हटलं, “पण साइट तर सपाट आहे.” त्यांचंही चूक नव्हतं. १:२०० च्या मॉडेलमध्ये वीस सेंटिमीटरचा कॉन्टूर म्हणजे एक मिलिमीटरचा बोर्ड. आख्ख्या जागेचा उतार सहा मिलिमीटरचा झाला होता. सुदैवाने उभं माप पाचपट ताणलेला एक लांब सेक्शन सोबत होता, आणि त्याच्यासमोर पुढची वीस मिनिटं फक्त पाण्यावर चर्चा झाली. खर्चाचा प्रश्न आला तेव्हा वेळ संपली होती. मार्क बरे पडले.

सेमिस्टर संपल्यावर शीटचे प्रिंट घेऊन ग्रामपंचायतीत गेले. सरपंचबाईंनी व्ह्यू, म्हणजे बाजार कसा दिसेल त्याची चित्रं, पाहिले, छान आहे म्हणाल्या, बाजूला ठेवले. ग्रामसेवकांनी मात्र कॉन्टूरची शीट टेबलावर पसरली आणि मिस्त्रींना बोलावलं. बाजाराच्या नालीचं काम मंजूर होतं आणि ती कुठून कुठे काढायची यावरून वाद चालू होता. मिस्त्रींनी खिशातून पेन्सिल काढली, रस्त्यापासून वायव्येच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली आणि मला विचारलं, “ह्या आकड्याचा एक कागद आमच्यासाठी ठेवता का?” मी तीन प्रती ठेवल्या.