तिसरा रकाना

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिल्यांदा आठवली ती आपल्या प्रयोगशाळेतली काचेची हंडी आणि तिच्यात वाजणारी घंटा. स्नेहसंमेलन, सहल, बोर्डाचा निकाल हे सगळं नंतर. पण हंडीचं सांगायचं तर आधी रविवार सकाळचं सांगावं लागेल, कारण त्या हंडीची सुरुवात लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंच्या खोलीत झाली.

१९८२ च्या संपानंतर बाबांची मिल परत धड सुरू झालीच नाही, त्यामुळे आमच्याकडे टीव्ही येण्याचा प्रश्नच नव्हता. मजल्यावर एकच टीव्ही, काकूंचा, लाकडी शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून पुढे निळी काच लावलेली. वरळीचा टॉवर जवळ असल्यामुळे चित्र मात्र एकदम स्वच्छ यायचं. रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस पोरं त्या दहा बाय बाराच्या खोलीत मांडी घालून बसायचो, मागे काकूंचा कांदा परतणं चालू असायचं, आणि समोर स्टार ट्रेक, अवकाशयानातून ग्रहाग्रहांवर फिरणाऱ्या माणसांची इंग्रजी मालिका.

आता बघा, ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ चालली, तीन सीझन, ७९ एपिसोड, आणि बंद झाली. आमच्यापर्यंत पोचली तेव्हा मधे जवळजवळ पंधरा वर्षं गेलेली. आम्हाला ते काहीच माहीत नव्हतं, आमच्यासाठी ते कालच घडलेलं होतं आणि आमच्याच डोक्यावर कुठेतरी चाललेलं होतं. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून, म्हणजे "धिस इज अ पेन" एवढंच. तरी यानाचा कप्तान किर्क रागावलाय, डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांच्या स्पॉकचं भांडण जुंपलंय, स्कॉटी इंजिन फुटायला आलंय म्हणून ओरडतोय, हे सगळं कळायचं. उहुरा कानाला ते यंत्र लावून बसायची, ती मला फार आवडायची, एवढ्या पुरुषांमध्ये ती आपलं काम करत शांत बसलेली असायची आणि सगळ्यांचा निरोप तिच्याकडूनच जायचा. रंग मात्र आम्हाला कधीच कळले नाहीत. लाल शर्टवाला खाली ग्रहावर उतरला की मेलाच समजायचं, हे जगभरच्या पोरांना माहीत होतं, आम्हाला नाही, कारण आमच्याकडे सगळ्यांचेच शर्ट निळसर राखाडी. कितीतरी वर्षांनी रंगीत टीव्हीवर बघताना मी अक्षरशः ओरडले, अरे हा लाल होता!

आमच्या वर्गात एक मुलगा होता, कान जरा मोठे आणि भुवया वर चढलेल्या, त्याचं नाव आम्ही स्पॉकच ठेवलं. त्यालाही ते आवडायचं, वहीवर नावाच्या खाली कंसात लिहायचा. इथेही मी त्याला स्पॉकच म्हणते. आमच्या बॅचला लगेच कळेल कोण ते.

सोमवारी तिसरा तास विज्ञानाचा असायचा. आमच्या बाई (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, पण ज्यांना त्यांनी शिकवलंय ते ओळखतीलच) वर्गात आल्या की आधी पुस्तक उघडायच्याच नाहीत. विचारायच्या, काल काय बघितलंत? आणि मग फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करायच्या, एकावर "होतं", दुसऱ्यावर "होणार नाही". काल टीव्हीवर जे जे बघितलं ते आम्ही सांगायचं आणि कुठे टाकायचं ते भांडून ठरवायचं. आवाज चढला तरी बाई ओरडायच्या नाहीत, फक्त "का?" विचारायच्या. का ते सांगता आलं नाही की खाली बसायचं.

डॉक्टर मॅकॉय माणसाच्या अंगावरून एक डबी फिरवतो आणि आत काय बिघडलंय ते त्याला कळतं, हे मी सांगितलेलं. माझ्या मते दुसऱ्या रकान्यात. बाई म्हणाल्या, अगं केईएम हॉस्पिटलला जाऊन बघ, माणूस न कापता आतली हाडं दिसतात की नाही? आणि मग त्यांनी रंटजेनची गोष्ट सांगितली, १८९५ साली त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला आणि त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ माझा हात दिव्यासमोर धरून बसलेले. आज मी महापालिकेच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे विभागात आहे, बावीस वर्षं झाली, आणि प्लेट लावताना पेशंट घाबरला असेल तर अजूनही तीच अंगठीची गोष्ट सांगते.

मोठं भांडण झालं ते मालिकेतल्या यंत्रासारखं माणूस इथून गायब करून तिथे पाठवण्यावरून. बाईंनी सरळ "होणार नाही" मध्ये टाकलं. म्हणाल्या, एका मोठ्या माणसाच्या शरीरात अणू किती असतात माहितीये? आणि फळ्यावर सात लिहून त्यापुढे सत्तावीस शून्यं काढली, खडू संपत आला. एवढ्या सगळ्यांची जागा लक्षात ठेवायची, तिकडे पुन्हा तशीच जुळवायची, एक चुकला तरी? वर्ग गप्प. तेव्हा स्पॉक उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पण अजून कोणाला जमलं नाही म्हणजे कधीच होणार नाही असं कसं?" आम्हाला वाटलं आता हा मार खातोय. बाई थांबल्या, डस्टर घेतला, अख्खा फळा पुसला आणि दोनाऐवजी तीन रकाने आखले. मधल्या रकान्यावर लिहिलं, "अजून नाही". आणि म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, हा रकाना मी विसरले होते.

हा रकाना मी आठवीपर्यंत एका दोनशे पानी वहीत उतरवत गेले. वही अजून माझ्याकडे आहे.

(मोठेपणी वाचलं की ते माणूस पाठवण्याचं यंत्र मालिकेत आलंच मुळी पैसे वाचवायला, दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरवून दाखवायचा खर्च परवडत नव्हता. हे बाईंना सांगायला हवं होतं, त्यांना फार आवडलं असतं.)

आता हंडी. त्या मालिकेत यान जाताना सूंऽऽ असा आवाज यायचा आणि स्फोट झाला की कानठळ्या. बाई म्हणाल्या, अवकाशात आवाज येतो का? सगळे म्हणालो येतो, आम्ही ऐकलाय! मग पुढच्या सोमवारी त्या आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. टेबलावर काचेची मोठी हंडी, आत रबरावर टांगलेली विजेची घंटा, आणि खाली हाताने चालवायचा जुना निर्वात पंप. घंटा सुरू केली, कर्कश, शाळा सुटल्यासारखी. मग आळीपाळीने एकेकाने पंप मारायचा. पहिले दोघंतिघं दमले तरी फरकच नाही. मग हळूहळू, म्हणजे आधी वाटलं आपल्या कानातच काहीतरी झालंय, आवाज लांब जायला लागला. टोल घंटेवर आपटताना दिसतोय, तसाच जोरात आपटतोय, आणि आवाज मात्र जणू शेजारच्या गल्लीतून येतोय, मग पलीकडच्या रस्त्यावरून. पन्नास पोरं श्वास धरून उभी. इतका शांत वर्ग मी पुन्हा कधी बघितला नाही. पण पूर्ण बंद काही झाला नाही. पंपाचं वॉशर गेलेलं, कुठून तरी हवा आत शिरायची, एका ठराविक पातळीच्या खाली आवाज जाईचना. आम्ही हिरमुसलो. बाई वाकून हंडीला कान लावून म्हणाल्या, "जेवढी हवा उरली, तेवढा आवाज उरला. हेच तर बघायचं होतं."

मिस्टर इंडिया आला १९८७ च्या मे महिन्यात, सुट्टीत, आणि शाळा उघडली तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाने तो बघितलेला, काहींनी दोनदा. गायब होणारा माणूस आणि लाल उजेडात दिसणारा! आम्ही घरातून लाल जिलेटिन कागद आणून एकमेकांच्या तोंडावर धरायचो. बाईंनी तो तिसऱ्या रकान्यातही नाही, थेट "होणार नाही" मध्ये टाकला. कारण सांगितलं, दिसायचं म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश अडायला हवा, आणि माणूस पूर्ण पारदर्शक झाला तर प्रकाश त्याच्या डोळ्यातूनही आरपार जाणार, म्हणजे गायब झालेला माणूस आंधळा असणार. आम्हाला इतका राग आला की दोन दिवस आम्ही मुली बाईंशी धड बोललो नाही. आज वाटतं, सातवीच्या पोरांना हे इतकं सोपं करून सांगणारी बाई आम्हाला मिळाली हे केवढं भाग्य.

ऑफ तासाला त्या खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून दाखवायच्या. नारळीकर सर तेव्हा कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत होते, म्हणजे आमच्याच शहरात, हे ऐकूनच अंगावर काटा आला होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नाव बदलून कथा पाठवली, नारायण विनायक जगताप म्हणून, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नाव बघून कोणी बक्षीस देऊ नये यासाठी, आणि तरी पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं, हे बाई इतक्या अभिमानाने सांगायच्या की जणू घरातलंच कोणी. २० मे २०२५ ला ते गेल्याची बातमी आली, त्या रात्री मी माळ्यावरची ट्रंक उघडून वही शोधली.

वहीत बरंच काही आहे. "फोन खिशात" हे स्पॉकने लिहायला लावलेलं, किर्कच्या हातातलं ते झाकणवालं यंत्र बघून. आमच्या चाळीत तेव्हा फोन नव्हताच, कोणाचा आला तर खालच्या वाण्याकडे, आणि वाण्याचा मुलगा चौकात उभा राहून नावाने हाक मारायचा. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून दिल्लीला भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला, म्हणजे "अजून नाही" मध्ये हा नऊ-दहा वर्षंच राहिला. "बोलताना समोरचा दिसतो", हाही गेला, माझी आई रोज संध्याकाळी सांगलीच्या मावशीशी तसंच बोलते. "दार आपोआप उघडतं" हे तर मी पुढे वाचलं की स्टार ट्रेकच्या सेटवर ती दारं मागे माणसं उभी राहून हाताने ओढायची, ज्याला आम्ही भविष्यकाळ समजत होतो तो दोन माणसं दोरी ओढून चालवत होती, आणि मला ते कळल्यावर ती मालिका जास्तच आवडायला लागली.

एक उलटंही झालं. आठवीनंतर आमची वही थांबली, टीव्हीवरच्या स्पेस सिटी सिग्मा मालिकेतला झखाकू, इंद्रधनुष मालिकेतला पोरांनी सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर, हे सगळं आम्ही बघितलं पण ते लिहिलेलं नाही. १९९४ मध्ये ज्युरासिक पार्क हिंदीत आला तेव्हा आई आयुष्यात पहिल्यांदा परदेशी सिनेमा समजून घेत बघत होती, माझा दंड घट्ट पकडून, तेव्हा मी घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर "डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर" असं लिहिलं, अर्थातच मधल्या रकान्यात. आता ते खोडून उजवीकडे न्यावं लागेल, कारण आजवर मिळालेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडचा, साधारण वीस लाख वर्षांपूर्वीचा, आणि डायनासोर जाऊन झाली साडेसहा कोटी वर्षं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, खोडू नकोस, बाण काढ.

आणि एक नोंद आहे जी कुठल्याच रकान्यात नाही.

जायंट रोबोट आठवतोय का? जपानी मालिका, मूळ १९६७-६८ ची, २६ भागांची. आमच्यापेक्षा थोडासाच मोठा असलेला मुलगा, हातात घड्याळ, घड्याळात बोललं की तो प्रचंड रोबोट उडत येतो, बोटांतून रॉकेट सोडतो, आणि फक्त त्याचंच ऐकतो. शेवटच्या भागात तो दुष्ट सम्राट गिलोटिन स्वतःला उडवून पृथ्वीच नष्ट करायला निघतो, आणि रोबोट पहिल्यांदाच हुकूम नसताना त्याला उचलतो आणि आकाशात घेऊन जातो. खाली तो मुलगा घड्याळात ओरडतोय, परत ये, परत ये. रोबोट ऐकत नाही. काकूंच्या खोलीत त्या दिवशी कोणी उठलंच नाही. काकूंनी गॅस बंद केला आणि पदराने डोळे पुसले, त्यांना बापड्यांना गोष्टसुद्धा नीट माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्पॉकने विचारलं, "बाई, रोबोटने स्वतः ठरवलं का?" बाई खडू घेऊन बराच वेळ फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मग खडू त्याच्याच हातात दिला, तूच लिही म्हणाल्या. त्यानेही बराच विचार केला आणि "रोबोट स्वतः ठरवतो" हे शब्द बरोब्बर दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिले, अर्धे इकडे अर्धे तिकडे. बाईंनी ते तसंच राहू दिलं, तास संपल्यावरही पुसलं नाही. माझ्या वहीतही ते रेघेवरच आहे.

हे सगळं लिहायच्या आधी मी स्पॉकला फोन केला, खूप वर्षांनी. तो लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे, ठाण्यापासून कुलाब्यापर्यंत किती इमारतींची आपोआप उघडणारी दारं त्याच्या हाताखालून गेलीत ते त्यालाच माहीत. मी वहीतलं एकेक वाचून दाखवत होते, तो हं हं करत होता. रेघेवरच्या नोंदीपाशी आल्यावर म्हणाला, आता तर सगळीकडे तेच चाललंय, सकाळी पेपर उघडला की तेच, मी रोज विचार करतो. मग कुठे टाकू, मी विचारलं. तो म्हणाला, नको टाकूस.

मग एकदम आठवल्यासारखं त्याने विचारलं, "तो पंप आहे का अजून शाळेत?" मी शिपाईमामांना विचारून घेतलंय, आहे, कपाटाच्या वर, हंडीसकट, हंडीला तडा नाही. सोहळ्याच्या आदल्या दिवशी शनिवारी दुपारी तो येतोय, येताना रबराचं नवीन वॉशर आणि व्हॅक्यूम ग्रीस घेऊन. आमच्या बॅचमधलं ज्यांना जमेल त्यांनी तीन वाजता प्रयोगशाळेत या, पंप मारायला हात लागतील.