तिथी गुणिले पाऊण

गेल्या रविवारी दुपारी तीनला दुर्बीण गळ्यात अडकवून आम्ही सीवूड्सला, 'टी. एस. चाणक्य' या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर पोचलो. तिथे एक खंड्या, आणि बाकी नुसतं ऊन. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, औषधालासुद्धा नाही. नवी मुंबई स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवते, शहरात त्यांचे पुतळेही आहेत. ते तेवढे कधीही गेलं तरी हजर असतात.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तिथी बघितली होतीस?"

त्या श्रीवर्धनच्या. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. त्या दिवशी होती द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती, म्हणजे तीनला ठार ओहोटी. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित तिकडे जेवायला जातात. भरतीनं चिखल झाकला की मग आत, या तळ्यांवर विसाव्याला येतात. "ते जेवायला बाहेर, आणि तू त्यांच्या रिकाम्या घरी पाहुणी," इति सासूबाई.

या रविवारी संकष्टी. चार पाऊणे तीन.

वेळ तीच, पण तळं गुलाबी. बरेचसे एका पायावर, मान पाठीवर गुंडाळून झोपलेले. मधला एक भुकेला मात्र चोच उलटी करून पाणी गाळत होता. आपण ज्याला त्याचा उलटा गुडघा म्हणतो तो असतो घोटा. खरा गुडघा वर पिसांत दडलेला. काठाशी दोन-तीन राखाडी पिल्लं, अजून रंग न चढलेली. तो चढतो खाण्यातून, त्याला वेळ लागतो. पलीकडे शेकाटे आपल्या काटकुळ्या लाल पायांवर लगबगीत.

ठाणे खाडीला 2015 साली अभयारण्याचा, 2022 साली रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ही तळी मात्र त्या हद्दीबाहेर. जेवणघर राखलं आणि निजायची खोली मोकळी टाकली, असा हा प्रकार. मला तो पटत नाही.

रात्री सासूबाई बाल्कनीत चंद्राची वाट बघत होत्या. मी फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून दोन बघितले, आणि हिशेब सांगितला, "पुढच्या रविवारी एकादशी. सव्वाआठ. लवकर उठावं लागेल हो."