उपवास सोडतेस कधी?

कॉलेजमधल्या मुलींच्या ईटिंग डिसऑर्डरवर आमचं सर्वेक्षण चालू होतं. साधन नेहमीचंच, ईएटी-२६ ही खाण्याच्या सवयींबद्दलची पाश्चात्त्य प्रश्नावली. सव्वीस प्रश्न, २० किंवा अधिक गुण पडले की सविस्तर मुलाखत. पण किंग आणि भुग्रा या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींबद्दल लिहून ठेवलंय की उपवासांमुळे तिथे काही प्रश्नांना भलतीच उत्तरं आली. म्हणून कमी गुणवाल्याही काही जणी आम्ही बोलावत होतो.

ही त्यांतली. (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.) जाड होण्याची भीती? ‘कधीच नाही.’ कॅलरी मोजतेस? ‘नाही.’ उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, गालांवर बारीक लव, दोन्ही उपासमारीच्या खुणा. सोबत आलेली आई कौतुकानं सांगत होती, “उपवास अगदी कडक करते हो, मॅडम. आमच्यासारखं एकादशी अन् दुप्पट खाशी नाही. साबुदाण्याला हात लावत नाही.”

आईंना बाहेर बसवून मी विचारलं, “उपवास सोडतेस कधी?”

“सोडत नाही मॅडम. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधल्या दिवशी भूकच नसते. पोट गच्च वाटतं.”

पाळी कित्येक महिने नव्हती, हे घरी ठाऊक नव्हतं.

हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९०च्या दशकात असेच रुग्ण नोंदवले होते: जाडीची धास्ती नाही, तक्रार पोट फुगल्याची, तरी अॅनोरेक्सियाच, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार. वर्गात मी हे दरवर्षी शिकवते. आपल्याकडे तर न जेवणाऱ्या मुलीला कुणी हटकत नाही, उलट पाया पडायला सांगतात. पाश्चात्त्य चाचणीनं हे पकडावं कसं?

नाडी मिनिटाला चाळीसच्या आसपास लागली. त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवलं, भरती केलं. आईंनी संध्याकाळी डबाभर तुपातला शिरा आणला आणि तो परत न्यायला सांगावं लागलं. दीर्घ उपासमारीनंतर एकदम खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयावर बेततं. त्यांना ते पटेना. पोरीला खायला घाला म्हणता आणि डबा परत पाठवता?

खरा पेच पुढे आला. व्रतं अशी मध्येच टाकता येत नाहीत, उद्यापन करावं लागतं, असं मायलेकी दोघींचं म्हणणं. मला ते सोयीचंच वाटलं. तब्येत सावरल्यावर उद्यापन ठरलं, बेत मात्र आहारतज्ज्ञ ठरवणार. मग पुरणपोळी अर्धी की एक, यावरून आईंची आणि आमची चांगलीच घासाघीस झाली.